वर्षातून एकदाच म्हणायचे

बांगडे महाग झाले की आमचे पपा ‘देवाघरचे ज्ञात कुणाला विचित्र नेमानेम’ हे पद म्हणायचे. गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातून पिशवी घेऊन ते घरी आले आणि उंबरठा ओलांडताना त्यांनी पहिली ओळ गुणगुणायला सुरुवात केली, की आज हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, तुकडे मोजून पडणार हे आम्हा मुलांना न विचारताच कळत असे. स्वयंपाकघरातून आईचा ‘कितले दिले?’ हा प्रश्न येईपर्यंत ते पहिली ओळ सोडत नसत आणि आकडा सांगून झाल्यावरच दुसऱ्या ओळीकडे वळत. हे पद 1964 सालच्या ‘मत्स्यगंधा’ या नाटकातले. नाटक वसंत कानेटकरांचे, संगीत आमच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे आणि आवाज म्हापशात जन्मलेल्या रामदास कामतांचा. मुळात त्याला जे गांभीर्य आहे, ते पपांनी अलगद बाजूला काढून ठेवून तिथे मासळीचा भाव बसवला होता. पपांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते पद कुठे कानावर पडले तर नियती, दैव, माणसाचे अपुरेपण यांपैकी काहीही माझ्या मनात येत नाही. येतो तो ओल्या पिशवीचा वास, आणि भाव सांगताना दोन रुपये कमी करून सांगणारा पपांचा चेहरा.

गेलेल्या माणसाची आठवण आणि गाण्याचा अर्थ यांचा काही संबंध असतो, असे मला पूर्वी वाटे, आता वाटत नाही. शोकसभेत जी गाणी लावतात, ती अर्थ बघून निवडलेली असतात. त्यांत पैलतीर असतो, प्रवास असतो, विझणारा दिवा असतो. ऐकताना सभागृह गंभीर होते, पण ज्याच्यासाठी सभा भरली तो माणूस त्या गाण्यांतून सहसा येत नाही. तो येतो त्याच्या आवडीच्या, बहुधा जरा फालतू अशा गाण्यातून, आणि तेही आपण सावध नसताना. माझ्या ओळखीच्या एका बाईंना त्यांचा थोरला भाऊ आठवतो तो साबणाच्या जुन्या जाहिरातीतल्या चार ओळींनी. त्या ओळी ऐकून डोळे पुसताना त्यांना स्वतःचीच लाज वाटते, पण त्याला इलाज नाही.

या विषयावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केले आहे. साधारण वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी माणसाच्या उतारवयात सर्वांत दाट असतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे, आणि त्या काळात ऐकलेली गाणीही त्यांच्याबरोबर टिकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील एका संशोधकाने 2009 मध्ये दाखवून दिले, की ओळखीच्या गाण्याने जुनी आठवण जागी होताना कपाळामागचा, मेंदूचा पुढचा मधला भाग विशेष कामाला लागतो. आणि हा भाग अल्झायमरच्या आजारात तुलनेने उशिरा झिजतो. माझ्या थोरल्या आत्याच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेवटच्या वर्षांत तिला माझे नाव सांगता येत नसे, मी कोणाची मुलगी तेही तिला उमगत नसे. त्यातल्याच एका वर्षी गणेशचवथीला मी तिच्याजवळ उभी राहून आरती म्हणत असताना एक कडवे गाळून पुढे गेले, तेव्हा तिने माझ्या मनगटाला धरून मला थांबवले आणि गाळलेले कडवे सबंध म्हणून घेतले. ती मला ओळखत नव्हती, पण माझे चुकले हे तिने बरोबर ओळखले.

माझ्या अनुभवाला आलेली एक गोष्ट मात्र मला या अभ्यासांइतकीच महत्त्वाची वाटते, आणि हे लिहायला बसले ते तिच्यासाठीच. गाणे झिजते, म्हणजे त्याच्यातली आठवण झिजते. पपा गेल्यावर मी त्यांचे ते पद फोनवर पुन्हा पुन्हा लावत असे, सकाळी चहा करताना, रात्री दिवा मालवण्याआधी. सुरुवातीला पपा येत. हळूहळू त्यांच्याऐवजी, ते पद ऐकत खुर्चीत बसलेली मी मलाच दिसू लागले. म्हणजे माणसाच्या आठवणीवर ऐकण्याची आठवण चढली. पुढे मी ते लावणे बंद केले. आता एखाद्या दुपारी पणजी आकाशवाणीवर किंवा एखाद्या दुकानात ते अचानक लागले, तर पिशवीचा वास थोडा परत येतो, पूर्वीइतका नाही. ज्याला जेव्हा हवे तेव्हा हवे ते गाणे ऐकता येते, त्याच्याजवळ गेलेल्या माणसांचा साठा लवकर संपत असावा, असा माझा संशय आहे.

याच्या उलट जी गाणी वर्षातून एकदाच म्हटली जातात, ती खारातल्या तोरांच्या, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांच्या, बरणीसारखी बंद राहतात आणि उघडली की पहिल्याच घटकेला सगळा वास अंगावर येतो. गोव्यात अशा गाण्यांना तोटा नाही. घरात आमचे बोलणे कोंकणीतून, पण देवापुढे आणि रंगमंचावर आमचे गाणे मराठीतून, ही आमच्याकडची जुनी वहिवाट आहे. आणि देव व रंगमंच दोघेही आपापल्या ऋतूला धरून असतात. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोला दामोदराचा सप्ताह बसतो आणि तिथे चोवीस तास भजन चालते. भाद्रपदात चवथीच्या आरत्या, कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा आणि जत्रेच्या रात्रीची नाटके, पौषात बायकांचे धालो, फाल्गुनात शिगमो. जेव्हाचे गाणे तेव्हाच म्हणायचे. चवथीची आरती मे महिन्यात कोणी घुमटावर घेतली, तर म्हातारी माणसे आजही कपाळाला आठ्या घालतात.

घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात, उजव्या हाताच्या बोटांनी ते वाजवतात आणि डाव्या हाताच्या तळव्याने मागचे छोटे तोंड झाकत-उघडत नाद बदलतात. हे कातडे पूर्वी घोरपडीचे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद होणे क्रमप्राप्त होते आणि आता बोकडाचे कातडे वापरतात. 2019 साली राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. आमचे मोठे बाप्पा, म्हणजे थोरले काका, तोपर्यंत हयात नव्हते, नाहीतर ते या दर्जावरही काहीतरी बोलले असतेच. बोकडाचे घुमट हातात दिले की ते दोन थापा मारून बघत आणि कोणाचीही भीड न ठेवता तोंड वाकडे करत. कायदा योग्य आहे हे त्यांना मान्य होते. नाद योग्य नाही हेही ते तितक्याच ठामपणे सांगत.

भाद्रपदातल्या दमट हवेत कातडे सैल पडते. त्यामुळे आरतीला निघण्याआधी बाप्पा आमच्या चुलीसमोर उकिडवे बसून घुमट शेकत असत. चुलीपासून किती अंतर ठेवायचे, हे त्यांना तळव्याला लागणाऱ्या उबेवरून कळे. मध्येच ते बोटाने टिचकी मारून कान लावत, पुन्हा फिरवत, पुन्हा टिचकी मारत. त्या वेळी स्वयंपाकघरात पातोळ्यांना वाफ देण्याची घाई चाललेली असे आणि बायका त्यांना वळसे घालून जात-येत, पण ‘जरा सरा’ असे म्हणायचे धाडस फक्त आजीकडे होते. कातड्याचा नाद मनासारखा लागला, की ते उठत आणि वाड्यावरची मंडळी मूळ घरापासून आरत्यांना सुरुवात करत. घुमटे तीन-चार, शामेळ हे एक छोटे चर्मवाद्य, कांसाळे म्हणजे झांजा, आणि दारात मावतील तितकी माणसे. वर माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, सुपारीचे घोस, नारळ आणि रानातून आणलेली फळे लटकत असत आणि उंच माणसांना त्यांच्याखाली वाकूनच उभे राहावे लागे.

बाप्पांची खरी मक्तेदारी घुमटावर नव्हती, ती होती ‘येई हो विठ्ठले’ या आरतीतल्या ‘येई’वर. तो ‘ई’ किती लांबवायचा, याला शास्त्र नाही. ज्याचा दम जास्त त्याचा ‘ई’ मोठा. बाप्पा डोळे मिटून सूर धरत आणि मग एक डोळा किंचित उघडून, पुतण्यांपैकी कोण कोण गळाले याची पाहणी करत. भक्तीत ते कमी नव्हते, पण त्या घटकेला त्यांचे लक्ष पांडुरंगाकडे नसून माझ्या थोरल्या भावाच्या लाल झालेल्या मानेकडे असे, हे मी शपथेवर सांगेन. सगळे गळाले, की ते आणखी थोडा वेळ एकटेच सूर धरून ठेवत, मग मान खाली टाकत आणि त्यांच्या मानेच्या इशाऱ्यावर सगळी घुमटे एकदम पडत. मुलींना तेव्हा घुमट हातात मिळत नसे. आम्ही पडवीत बसून बाप्पांचा दम मोजत असू आणि तो दर वर्षी वाढतच जातो, अशी आमची पक्की समजूत होती.

बाप्पा गेले त्या वर्षी आमच्या घरी सुतकामुळे चवथ झाली नाही आणि आरतीची मंडळी आमच्या दारावरून पुढे गेली. पुढच्या वर्षी मूळ घरात नेहमीप्रमाणे आरत्या सुरू झाल्या. ‘येई’ आले, सगळ्यांनी सूर धरला, एकेक जण गळत गेला. आणि मग कळले, की हा सूर कुठे सोडायचा हे आमच्यापैकी कोणालाच कधी ठरवावे लागले नव्हते. मान खाली टाकणारे कोणी नव्हते. अर्धी मंडळी ‘हो विठ्ठले’कडे गेली, अर्धी ‘ई’ला चिकटून राहिली, घुमटवाले हात वर धरून एकमेकांची तोंडे बघू लागले आणि कांसाळे वाजवणाऱ्याने काहीतरी करायचे म्हणून भलत्याच ठिकाणी ठोका दिला. आधी मुले हसली, मग सगळेच. काकी हसता हसता पदराने डोळे पुसत देवघराकडे वळल्या. बाप्पांचा फोटो हार घालून तिथेच भिंतीवर होता, पण त्या दिवशी त्या घरात ते हजर होते ते फोटोत नव्हे, त्या गोंधळात.

हेच घुमट व्हायोलिनच्या साथीला ‘मांडो’ या कोंकणी गीतप्रकारातही वाजते, आणि तिथे ते ऐकले की मला चोडण बेटावरची माझी मैत्रीण आठवते. आम्ही पणजीला एका वर्गात शिकलो. रविवारी मी तिच्या घरी गेले, की संध्याकाळी ती मला धक्क्यावर सोडायला येई आणि रायबंदरची फेरीबोट सुटली रे सुटली, की ‘आदेवस कोरचो वेळ पावलो’ हा निरोपाचा मांडो, हातरुमाल हलवत, छातीवर हात ठेवत, अगदी शोकांतिकेतल्या नायिकेसारखा म्हणायला लागे. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला वर्गात भेटणारच असे. बोटीवरच्या मासळीवाल्या बायका तिला ओरडून दाद देत आणि मी लाजेने मोटारसायकलींच्या मागे तोंड लपवत असे. ती तिशी ओलांडण्याआधीच आजाराने गेली.

तो मांडो ख्रिस्ती घरांतल्या लग्नात समारंभ आटोपताना आजही म्हणतात, त्यामुळे तो मला वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच भेटतो, आणि म्हणूनच अजून ताजा आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या भाचीच्या लग्नाला गेले होते. वाद्यवृंदाने शेवटी तेच सूर धरले, तेव्हा मी मुद्दामच तिच्या आईकडे बघायचे टाळले. पण बाजूच्या खुर्च्यांवर हशा पिकला म्हणून वळले, तर त्या म्हाताऱ्या बाई उभ्या राहून हातरुमाल हलवत होत्या, छातीवर हात, मान कललेली, ओठांचा तोच नाटकी चंबू. इतकी वर्षे जी लकब मी मैत्रिणीची म्हणून जपून ठेवली होती, ती मुळात आईची होती. लेकीने ती नुसती उचलली होती. मला त्यांनी हाताला धरून उठवले. ‘तूंय हालय,’ म्हणाल्या. माझ्याजवळ रुमाल नव्हता, मी टेबलावरचा कागदी रुमाल हलवला.

सगळीच गाणी अशी टिकत नाहीत. माझी आजी धालोंच्या रात्री मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या अंगणात, गाणे उचलून देणारी होती. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत, कमरेला हातांचा विळखा, आणि आजीने ओळ टाकली की पहिली रांग ती उचलायची, मग दुसरी. ओळी तिला पाठ होत्या, इतरांना त्या फक्त मागून म्हणता येत. ती थकली, मांडावर जाईनाशी झाली, आणि तिची काही गाणी तिच्याबरोबरच गेली. मला त्यांतल्या एका गाण्याची चाल आठवते, शब्द नाहीत. अशा चालीने माणूस येतो खरा, पण पाठमोरा.

ध्वनिमुद्रण असते तर वेगळे झाले असते का, असा प्रश्न साहजिक आहे. गोव्याच्या बाबतीत त्याचे एक टोकाचे उदाहरण आहे. फोंडा तालुक्यातल्या केरीत 1892 साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घालून अवकाशात पाठवली गेली. त्यांतले नंतरचे यान 5 सप्टेंबरला सुटले आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तो आवाज आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला आहे, जिथे त्यांना ओळखणारे कोणी भेटण्याची शक्यता नाही. गायिका त्यात पूर्ण आहे, याबद्दल शंका नाही. पण त्यांना घरात वावरताना पाहिलेल्या एखाद्या माणसाला त्या कशाने आठवत असतील, हे त्या तबकडीत असणे शक्यच नाही.

मला त्यापेक्षा जवळचे वाटते ते सांगे तालुक्यातले कुर्डी. मोगूबाई कुर्डीकरांचा 1904 साली जन्म झाला ते हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी उतरते, तेव्हा जोती, विहिरी, देवळाचे अवशेष उघडे पडतात आणि इतरत्र जाऊन वसलेले लोक तिथे परत येऊन सोमेश्वराचा उत्सव आणि कपेलाचे, म्हणजे छोट्या चर्चचे, फेस्त करतात. पाऊस लागला, की गाव पुन्हा खाली. बारा महिने उघडे असते, तर इतक्या ओढीने किती जण तिथे गेले असते, याचा विचार मी अधूनमधून करते.

बाप्पांच्या आरतीची एक चित्रफीत भाच्याच्या फोनवर आहे. त्यात बाप्पा दिसतात, सूर लागलेला ऐकू येतो, आणि मध्येच कोणाच्या तरी डोक्याने अर्धा पडदा झाकला जातो. मी ती एकदा बघितली. त्यांचा ‘ई’ त्यात आमच्या समजुतीपेक्षा पुष्कळच आखूड निघाला. भाचा दर चवथीला ती सगळ्यांना पाठवतो आणि मी ती न उघडता ठेवून देते. त्याला तसे सांगितलेले नाही, कारण त्याचे बाप्पा त्या फितीतलेच आहेत आणि तेही खोटे नाहीत.

आता घुमट माझ्या भाचीच्या हातात आहे. मुलींची घुमट-आरती पथके स्पर्धांत उतरू लागली, त्यांतून ती शिकली, आणि खरे सांगायचे तर तिचा हात वाड्यावरच्या पुष्कळ पुरुषांपेक्षा साफ आहे. गेल्या वर्षी तिने ठरवले, की ‘येई’चा घोळ आता पुरे, ठरावीक मात्रा झाल्या की ती घुमटावर थाप देणार आणि सगळ्यांनी तिथे सूर सोडायचा. काकांनी लगेच हरकत घेतली, की बाप्पांचे तसे नव्हते. ती म्हणाली, ‘मग बाप्पांक विचारात.’ यावर बराच वेळ वाद झाला, चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि अखेर तोडगा निघाला तो असा, की मूळ घरात जुन्या रीतीने म्हणायचे आणि तिथून पुढच्या घरांत तिच्या थापेवर. मूळ घरात यंदाही कोणाचा कोणाला मेळ लागणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी रजेचा अर्ज आताच देऊन ठेवला आहे, कारण आरत्या मूळ घरापासून सुरू होतात आणि उशिरा पोचले तर नेमके तेच चुकेल.